थोरली, धाकटी आणि पावनी

हौशाआत्या फोन उचलल्यावर हॅलो म्हणत नाही. "थोरली जेवली, धाकटी जेवतेय," असं आधी सांगते आणि मग कोण बोलतंय ते विचारते. पहिल्यांदा फोन करणाऱ्याला वाटतं, या बाईंच्या घरात दोन सुना असाव्यात. विमा विकणाऱ्या एका मुलीने तर त्याच भरवशावर सगळ्या कुटुंबासाठी आरोग्यविम्याची माहिती सांगायला सुरुवात केली होती. आत्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "ॲसिड गललं तं त्याचे पैशे देता का?"

थोरली आणि धाकटी या बॅटऱ्या आहेत.

आत्या माझ्या पप्पांची मोठी बहीण. आमचं गाव खाडीकाठचं. शेतजमिनी शहरासाठी गेल्या, चारी बाजूंनी सेक्टर उभे राहिले आणि गाव मधल्यामध्ये तसंच राहिलं. पप्पांनी करंजाडेला सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, माझं इंग्रजी शाळेतलं शिक्षण झालं आणि आम्ही हळूहळू तिकडचेच झालो. आत्या आली नाही. तिने लग्न केलं नाही, का केलं नाही ते कुणी विचारत नाही, आणि करंजाडेला का येत नाही असं विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं असतं: "मी आले तं बोट कोन बगंल?"

आजोबांच्या मासेमारीच्या होडीच्या जागी आता तिची फायबरची बोट आहे. मागे दोन इंजिनं, एक डावं, एक उजवं. थंडीत खाडीत फ्लेमिंगो उतरतात आणि ते बघायला कॅमेरे घेऊन माणसं येतात. आत्या त्यांना फिरवून आणते. पक्ष्यांबद्दल ती फारसं बोलत नाही. कुणी फारच विचारलं तर "गुलाबी हायेत" एवढं सांगते. बॅटरीबद्दल विचारलं तर मात्र भरती-ओहोटी दोन्ही होऊन जातात.

डावं इंजिन चालू करते ती थोरली. उजवं चालू करते ती धाकटी. एकदा इंजिन चालू झालं की तेच आपल्या बॅटरीला चार्ज करतं, म्हणजे आत्याच्या भाषेत वाढतं. तिसरी बॅटरी दिवे, पंखा, रेडिओ आणि प्रवाशांचे मोबाइल यांच्यासाठी. तिची इंजिनाला काहीच मदत नाही, नुसती बसून असते, म्हणून तिचं नाव पावनी, म्हणजे पाहुणी.

पावसाळ्यात बोट वर ओढली की तिघी घरी येतात. स्वयंपाकघरात लाकडी पाटावर बसतात. बॅटरी जमिनीवर ठेवली की उतरते असं आत्याला कुणीतरी सांगितलंय, आणि ते खोटं आहे असं पप्पा दर पावसाळ्यात सांगतात. पाट हलत नाहीत. बॅटरीच्या टोकांवर हिरवा-पांढरा थर धरतो, तो ती गरम पाणी, सोडा आणि दात घासायच्या ब्रशने काढते. ब्रश कुणाचा, याबद्दल तिचे काही नियम नाहीत. तिच्याकडे मुक्कामाला गेलं की मी माझा ब्रश उशीखाली ठेवते.

एकदा गावात दिवसभर वीज नव्हती, तेव्हा ती थोरलीला चार्ज करायला रिक्षाने करंजाडेला घेऊन आली. लिफ्टमध्ये सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, हे काय आणलंत. मी भिंतीकडे बघायला लागले. आत्या म्हणाली, "माहेरपनाला आनलीय. संध्याकाली जाईल." सेक्रेटरी आपला मजला यायच्या आधीच उतरले.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, पण गेल्या वर्षी सीझन संपता संपता एक प्रकार झाला.

आत्याने बाजारातून एक छोटा डबा आणला होता. इंजिनाने केलेलं चार्जिंग आधी इंजिनाच्या बॅटरीला द्यायचं आणि ती भरली की मग तिसऱ्या बॅटरीकडे सोडायचं, एवढंच त्याचं काम. आत्याला ते पटेना. आमच्याकडे हळदीला पंगत बसते तेव्हा आधी पाहुणे बसतात. घरची माणसं शेवटी, उरेल ते खातात, आणि कधी कधी काहीच उरत नाही. "पावनीला शेवटी वाढायचं?" आत्या म्हणाली. "लोकं काय बोलतील?" खाडीच्या मध्यावर लोक कुठून येणार होते, हे मी विचारलं नाही. तिने सगळ्या वायरी उलट्या जोडल्या. आधी पावनी, मग घरच्या दोघी.

जेट्टीपासून पक्ष्यांपर्यंतचा पल्ला लहान. तेवढ्यात पावनीचं जेमतेम पोट भरायचं आणि दोघींना काही मिळायचंच नाही. असं बरेच दिवस चाललं. शेवटी एके दिवशी आत्याने खारघरच्या निवृत्त मंडळींना घेऊन खाडीत नांगर टाकला, इंजिनं बंद केली, पक्षी बघून झाले आणि निघायला चावी फिरवली. डावीकडे टक. उजवीकडे टक. बाकी काही नाही. त्याच वेळी पंखा गरागरा फिरत होता, रेडिओवर गाणी चालू होती, दिवे लागलेले होते आणि सगळ्यांचे मोबाइल भरलेले होते. पाणी ओसरलं आणि बोट चिखलात बसली. मंडळी भरती येईपर्यंत पंख्याखाली बसून राहिली आणि शेवटी गावातल्या एका होडीने सगळ्यांना ओढून आणलं.

पप्पांनी नंतर विचारलं, तिसरी भरलेली होती ना, मग तिच्यावरून इंजिन का नाही सुरू केलं. एक तर तशी वायरच तिने ठेवली नव्हती. आणि दुसरं म्हणजे, आत्याला तो प्रश्नच असभ्य वाटला. "पावन्याच्या ताटातलं काढून घेऊ?"

त्यावर पप्पा चिडले. ते सहसा चिडत नाहीत, चिडले की करंजाडेची भाषा सोडून गावाकडच्या बोलीत येतात. त्यांनी सांगितलं की पुढच्या सीझनच्या आधी सगळं वायरिंग नव्याने व्हायला पाहिजे आणि मग खाडीत नेऊन परीक्षा घेणार. दोन्ही इंजिनं तिथे चालू झाली नाहीत, तर बोट विकायची. घेणारा तयार होता. द्रोणागिरीला गोदामं असलेले एक शेठ बरेच दिवस मागे लागले होते. आणि बोट गेली की आत्याने आमच्याकडे राहायला यायचं.

आत्या "बरं" म्हणाली. ती इतक्या सहज बरं म्हणते तेव्हा मला भीती वाटते. आमच्या फ्लॅटच्या खिडकीतून खाडी दिसत नाही. पार्किंग दिसतं.

मग रविवार सुरू झाले. सकाळी पप्पा गाडी काढायचे आणि मी मागे बसायचे. माझं काम टॉर्च धरणं. "ही बरी हाय," आत्या म्हणायची. "इंग्रजीत शिकली, पन कंच्याच भाषेत बोलत नाय."

पप्पांचं म्हणणं होतं की तिन्ही बॅटऱ्या एकमेकींना जोडून टाकाव्यात. एकत्र असल्या की ताकद वाढते. आत्या म्हणायची, एक आजारी पडली की तिघींना घेऊन बसेल.

"वेगली चूल बरी," ती म्हणाली.

"ते दिसतंयच," पप्पा म्हणाले.

आणि पाना जोरजोरात फिरवायला लागले. मी टॉर्च जास्तच सरळ धरला.

शेवटी दोघांनी मला त्या डब्याबरोबर आलेला कागद वाचायला सांगितला. त्यात दोघांचंही होतं. बॅटऱ्या वेगळ्या ठेवा, पण मधे एक स्विच बसवा. रोज तो बंद. एखादी अडली तरच चालू करून दुसरीकडून घ्यायचं आणि काम झालं की परत बंद. दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू नांगर बोलला.

स्विच बसला. पंगतीचा क्रमही सरळ झाला, आधी घरच्या, मग पावनी. तो बदल आत्याने मान्य केला, पण तिला तो लागला होता. पावनीच्या झाकणावर हात ठेवून ती म्हणायची, "बस गो जरा. येतंय तुज्याकडं."

दुपारी घरी जेवण. तांदळाची भाकरी, जवळा, तळलेले बोंबील. करंजाडेला पप्पा डॉक्टरच्या सांगण्यावरून दुधी खातात. आत्याकडे त्यांना डॉक्टर आठवत नाही. जेवता जेवता भांडण पुढे चालू राहायचं आणि निघताना ठरायचं की आज काही काम झालं नाही, पुढच्या रविवारी लवकर यायला पाहिजे.

परीक्षेच्या दिवशी पप्पांनी शेठनाही बोलावलं. शेठ पांढरे बूट घालून आले. बोटीवर त्यांना जागा दिली ती आत्याच्या शेजारी, मानाची, सगळी बटणं हाताशी. मधोमध नांगर टाकला. इंजिनं बंद. पप्पांनी दिवे, पंखा, रेडिओ सगळं चालू केलं आणि हाताची घडी घालून बसले.

शेठना एक बटण सापडलं. उजवं इंजिन पाण्याबाहेर उचलायचं. ते दाबलं की इंजिन घुंऽऽ करत मागून वर येतं, सोडून खालचं दाबलं की परत पाण्यात जातं. शेठना गंमत वाटली. वर. खाली. वर. खाली. मधे त्यांचा फोन आला तर बोलता बोलताही वर, खाली. इंजिन बंद असताना ही सगळी ताकद जात होती धाकटीची. आत्याच्या चेहऱ्यावर बारीकशी वेदना होती, पण ती हसत होती.

पप्पा हळूच म्हणाले, "ताय, थांबव ना त्याला."

"पावना हाय," आत्या तितक्याच हळू म्हणाली. "हात कसा धरू?"

मी बोलू शकले असते. मी फ्लेमिंगो बघत होते.

मग पप्पांनी मान हलवली आणि आत्याने चावी फिरवली. थोरली एका झटक्यात उठली. डावं इंजिन चालू झालं. आत्याने उजवी चावी फिरवली. टक.

पुन्हा. टक.

शेठ काळजीने म्हणाले, "बॅटरी उतरली वाटतं."

पप्पांनी खाली बघितलं. अट दोन्ही इंजिनांची होती आणि ती त्यांचीच होती. आत्या वाकली, मधला स्विच फिरवला आणि म्हणाली, "थोरले, दे गो तिला जरा." उजवं इंजिन एकदा खोकलं आणि धडधडायला लागलं. लगेच तिने स्विच बंद केला. उसनं रोजचं व्हायला नको, असं तिचं मत.

शेठ खूश. त्यांनी पप्पांच्या पाठीवर थाप मारली. "एक नंबर बोट आहे. आजच ठरवून टाकू."

बोट अडली तरच विकायची होती, चालली तर काय, हे शेठना कुणी सांगितलंच नव्हतं. आत्या पाण्याकडे बघत होती. तिने पप्पांकडे बघितलं नाही. मला त्या वेळी तिचा हात दिसत होता, चावीवर घट्ट धरलेला.

"शेठ," पप्पा म्हणाले, "बोट इकायची नाय. तायची हाय."

आत्याने थर्मासमधून शेठना चहा दिला. पप्पांना एवढंच सांगितलं की थोरलीला बांधायची पट्टी त्यांनी वाकडी आवळली आहे.

यानंतर रविवारी जायचं काही कारण उरलं नाही. एका रविवारी पप्पा दुपारपर्यंत झोपले. पुढच्या रविवारी आम्ही मॉलमध्ये गेलो आणि पप्पांनी ड्रिलच्या दुकानात बराच वेळ काढून काहीच घेतलं नाही. त्यानंतरच्या रविवारी सकाळी आत्याचा फोन आला. माझ्याकडे फोन होता. थोरलीचं काही सांगितलं नाही तिने. "धाकटी जेवत नाय," ती म्हणाली. "त्याला येऊन बगायला सांग."

पप्पांनी तोंडातला दुधी कसाबसा गिळला आणि गाडीची चावी घेतली.

ते गाडी लावत होते तोवर मी पुढे बोटीवर गेले. इतक्या रविवारांनंतर मला बॅटरीचा मीटर वाचता येतो. धाकटी काठोकाठ भरलेली होती. मी आत्याकडे बघितलं. ती आधीच चकचकीत असलेलं टोक फडक्याने पुसत होती.

"तू कायबी बोलू नको," ती म्हणाली.

मागून पप्पांची पावलं आली. ते वाकले, मीटर बघितला. जरा जास्तच वेळ बघितला. मग मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि बाह्या दुमडल्या.

"वेळ लागंल," ते म्हणाले. "सगलं उघडायला लागंल."

"मंग उघड," आत्या म्हणाली. "मी भाकऱ्या टाकते."

ती जेट्टीवरून घराकडे गेली, नेहमीपेक्षा भरभर. पप्पांनी काहीच उघडलं नाही. फळीवर बसले, पाय लांब केले आणि टोपी डोळ्यांवर ओढली. थोड्या वेळाने टोपीखालून म्हणाले, "अधूनमधून पाना आपट. तिला आवाज गेला पाहिजे."

मी पाना उचलला आणि आपटला.