सत्तावीस किलो

“बाबा, तुमचं विमान मी उडवू का?”

भिंगरीने हे विचारलं ते मधल्या सुट्टीत लागलेल्या पैजेपायी. एरवी ती हल्ली कशालाच घाबरत नसे. गेल्या वर्षीपर्यंत वर्गात जिचा हात कधी वर जायचा नाही, तीच आता न बोलावता मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन खडूची पेटी मागून आणत होती. पण बाबांचं विमान ही वेगळी गोष्ट होती. त्याला हात लावायचा नाही असा नियम घरात कुणी केलेला नव्हता, तरी तो सगळ्यांना पाठ होता. म्हणून तर तिच्या बाकावरची मैत्रीण म्हणाली होती की तू नुसतं विचारून दाखव, होकार मिळाला तर आठवडाभर तुझं दप्तर मी उचलीन. या मैत्रिणीला सगळे वकीलीणबाई म्हणत, कारण शाळेची घंटा वाजली की नाही यावरही ती दोन्ही बाजूंनी वाद घालू शके. दुसरी मैत्रीण मुंगी. तिने पैज वगैरे काही लावली नाही, फक्त विमानात तिलाही बसायचंय एवढं सांगून ठेवलं.

विमान होतं बैठकीच्या खोलीतल्या कोपऱ्यात, संगणकात. तीन पडदे, समोर धरायचं हँडल, आणि घसरू नयेत म्हणून फळीला स्क्रूने पक्के केलेले पायाखालचे पेडल. विमान उडवण्याचा खेळ बाबांकडे आधीपासून होता, पण तीन वर्षांपूर्वी त्यांनी त्यात हे एका इंजिनाचं, चार माणसांचं विमान वेगळं आणून बसवलं आणि ते त्याचेच होऊन गेले. ते होतंच तसं. सकाळी इंजिन थंड असलं की ते खोकायचं, रुसायचं, मग एकदाचं लागायचं. दिवा चालू राहिला तर दुसऱ्या दिवशी बॅटरी मेलेली. वापरलं नाही तरी चाकातली हवा हळूहळू उतरायची. दार लावलं की हलक्या पत्र्याचा, जरासा गरीब आवाज यायचा. काचेवर मेलेले किडे चिकटायचे, आणि पावसाचे थेंब वेग वाढला की खालून वर पळायचे. बाबा घड्याळं दुरुस्त करत. एकदा त्यांनी डोळ्याला भिंग लावून पडद्यावरचं उंचीचं मीटर तपासलं, तेव्हा काट्याची सावली सूर्य असेल त्याप्रमाणे सरकताना दिसली. पुढचे तीन दिवस जेवताना दुसरा विषय नव्हता.

बाबांनी प्रश्न ऐकला आणि हातातलं घड्याळ कापडावर ठेवलं.

“उडव की,” ते म्हणाले. “प्रवासी किती?”

भिंगरीने इतकी तयारी नकाराची केली होती की होकाराचं काय करायचं हेच तिला सुचेना. दोन मैत्रिणी, ती म्हणाली. बाबांनी हिशेब केला. भिंगरी डावीकडे, ते स्वतः उजवीकडे शिकवायला, मुली मागे. चौघं. मग रविवारी वजनं घ्यावी लागतील.

रविवारी चार वाजता मैत्रिणी घरी अभ्यासाचं सांगून दप्तरांसकट आल्या तर दाराशी वजनकाटा मांडलेला. वकीलीणबाईने तो पाहिला आणि चप्पलही न काढता मुद्दा मांडला. विमान संगणकात आहे, आपण खुर्चीवर बसणार आहोत, तेव्हा आपलं वजन खुर्चीला कळेल, विमानाला कळायचं कारण नाही.

“विमानाला ते ठाऊक नाही,” बाबा शांतपणे म्हणाले. “त्याला वाटतं आपण आत बसलोय.”

वकीलीणबाईने मग मुद्दा बदलला, वजन ही खासगी बाब आहे, ते चारचौघांत घेता येणार नाही. शेवटी तडजोड झाली. काटा आतल्या खोलीत न्यायचा, दार लावून जिचं तिने वजन बघायचं आणि चिठ्ठीवर लिहून कॅप्टनला द्यायचं. कॅप्टन म्हणजे भिंगरी. चिठ्ठ्यांवर सही तिची.

चिठ्ठ्या आल्या. वकीलीणबाईने चव्वेचाळीस लिहिलं होतं. भिंगरीने वर पाहिलं. महिन्यापूर्वी शाळेत तपासणी झाली तेव्हा रांगेत हिच्या बरोबर मागे भिंगरीच उभी होती, आणि काट्यावरचा खरा आकडा तिने पाहिला होता. मुंगीने बेचाळीस लिहिलं होतं, म्हणजे तिने चार किलो वाढवले होते. आपण लहान दिसतो याचं तिला फार दुःख होतं. बाबांचे अडुसष्ट विमानाच्या वजनाच्या पानावर आधीपासून भरलेलेच होते. टाकी काठोकाठ भरलेली, कारण अर्ध्या टाकीने उडणं बाबांना अर्धवट कपड्यात बाहेर पडण्यासारखं वाटे. तेवढ्या पेट्रोलवर माणसं आणि सामान मिळून दोनशे पाच किलो चालत होते. खरे आकडे धरले तर कुणाला तरी खाली उतरवावं लागणार, हे भिंगरीला दिसत होतं. आणि आपल्या पहिल्याच उड्डाणातून मैत्रिणीला उतरवणारी कॅप्टन व्हायचं तिच्या जिवावर आलं. तिने स्वतःचे एकोणपन्नासचे पंचेचाळीस केले आणि खाली लफ्फेदार सही ठोकली. बेरीज एकशे नव्याण्णव. वर सहा किलो शिल्लक.

बाबांनी आकडे भरले आणि तिघींना मागच्या गॅलरीत नेलं. हे विमान बाहेर असेल तेच आभाळ वापरतं, तीच हवा, तोच वारा; तेव्हा आधी आभाळाकडे बघायला शिका, असं त्यांचं म्हणणं. ऊन कडक होतं, पान हलत नव्हतं. अशा हवेत विमान जड होतं, बाबा म्हणाले, पण सहा किलो हाताशी आहेत, काळजी नाही. भिंगरीने काळजी न केल्यासारखा चेहरा केला.

मग विमानाभोवती फेरी झाली. चाकं बघितली, नाकावरच्या पंख्यावरून माऊस फिरवून टवका उडालाय का ते पाहिलं, टाकीतून थोडं पेट्रोल काढून त्यात पाणी नाही ना ते उजेडात धरून बघितलं. मुंगी इतकी रंगली की तिने बाटलीचा वास घेण्यासाठी नाक पडद्याला लावलं. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं, टेबल थरथरू लागलं, आणि वकीलीणबाईने मागच्या खुर्चीवर बसल्या बसल्या नसलेला पट्टा बांधला.

धावपट्टी गवताची, आखूड, टोकाला कुंपण आणि कुंपणापलीकडे झाडं. बाबा तिथूनच रोज उडत आणि झाडांवरून कसे अलगद जातो ते सांगत. भिंगरीने इंजिनाचा जोर वाढवणारं थ्रॉटल पूर्ण आत ढकललं. विमान धावू लागलं, खडखडलं, आणि धावतच राहिलं. वेगाचा काटा असा चढत होता, जसा कुणी दुखऱ्या गुडघ्याने जिना चढतो. अर्धी पट्टी संपली. बाबांच्या आवाजात नेहमीचं तेल होतं, “हं, आता उचल.” तिने हँडल ओढलं. नाक वर आलं, इशाऱ्याचा भोंगा केविलवाणा रडू लागला, आणि चाकं पुन्हा गवतावर टेकली.

“ओढ, अजून ओढ,” बाबा म्हणाले. आता आवाजातलं तेल संपलेलं होतं.

झाडं मोठी होत होती. एकेक फांदी वेगळी दिसत होती, इतकं ते विमान आणि ते जग मन लावून केलेलं होतं. मागे मुंगीने वकीलीणबाईचा हात धरला होता. भिंगरीला एका क्षणात कळलं की ही झाडं ओलांडली जाणार नाहीत, आणि का ते फक्त तिलाच माहीत आहे. ओढायच्या ऐवजी तिने थ्रॉटल मागे घेतलं आणि दोन्ही पाय ब्रेकवर रोवले. विमान घसरलं, कुंपणात शिरलं, पंखा खांबाला लागला, आणि सगळं गप्प झालं. तापलेल्या इंजिनाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. विमान बनवणाऱ्यांनी तीही सोडली नव्हती.

पंखा वाकला होता. दुरुस्तीच्या पानावर लाल ओळींची रांगच लागली. बाबा एकेक ओळ वाचत होते, आणि भिंगरीला ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. तिने खुर्ची वळवली आणि सांगून टाकलं की चिठ्ठ्या खोट्या होत्या, तिला माहीत होतं, तरी सही केली, आणि स्वतःचेही चार किलो कापले.

वकीलीणबाईने नसलेला पट्टा सोडला.

“त्रेपन्न,” वकीलीणबाई जमिनीकडे बघत म्हणाली. “सकाळी बावन्न असते.”

“अडतीस,” मुंगी म्हणाली. “पण मी वाढणार आहे.”

“अगं, पण त्याने काय होतंय?” बाबा गोंधळून म्हणाले. “विमानाला मी तुमचे खोटेच आकडे सांगितले होते. त्या हिशेबाने ते पिसासारखं उडायला हवं होतं.”

त्यांनी वजनाचं पान उघडलं. भिंगरी एकोणपन्नास. मागे त्रेपन्न आणि अडतीस. सामानात दप्तरं, अकरा किलो. एकूण दोनशे बत्तीस, सत्तावीस किलो जास्त. आणि उजव्या खुर्चीवर, बाबांच्या जागी, एक्याऐंशी.

सोफ्यावर आई कपड्यांच्या घड्या घालत होती. आई पार्सल ऑफिसात खिडकीवर होती, वीस वर्षं. खोकं नुसतं बघून ती त्याचं वजन सांगे, आणि मग उगाच खात्रीसाठी काटा लावी.

“तुम्ही गॅलरीत होतात तेव्हा धूळ पुसत होते,” ती म्हणाली. “आकडे दिसले. चुकीचं वजन माझ्यासमोरून पुढे जात नाही हो, हात आपोआप गेला. मला काय माहीत, तुमचं विमान एवढं खरं असेल.”

“मी अडुसष्टच आहे,” बाबा म्हणाले.

“लग्नात होतात.”

बाबांचे कान लाल झाले. तीन वर्षं, रोज संध्याकाळी, झाडांवरून अलगद जाणाऱ्या त्या विमानात तेरा किलो बाबा बसलेच नव्हते. ज्या माणसाने काट्याची सावली भिंगातून तपासली, त्याने आरसा तेवढा तपासला नव्हता. वकीलीणबाईला यावर बोलायचं होतं, पण मुंगीने तिच्या पायावर पाय दिला.

बाबांनी त्या वाकलेल्या पंख्यावरून माऊस फिरवला. मग हळूच म्हणाले, “मी ओढलं असतं. आणि आपण झाडात असतो. तू थांबवलंस.” त्यांच्या आवाजात जे होतं ते भिंगरीने आजवर फक्त जुन्या, चांगल्या घड्याळांसाठी ऐकलं होतं.

त्यामुळेच असेल, तिची पाठ सरळ झाली. तिने कागद ओढला, बेरीज केली, एक नाव खोडलं, आईकडे नजर टाकली. आईने घडी न थांबवता “एकसष्ट” म्हटलं. भिंगरीने पुन्हा बेरीज केली. दोनशे एक. चार किलो शिल्लक.

“आई, बाबा, माझं ठरलंय,” ती म्हणाली. “आठवडाभर रोज शाळेतून आले की पंखा मी दुरुस्त करणार, कुठल्या पानावर काय करायचं ते बाबांनी दाखवायचं. पुढच्या रविवारी परत उडवणार. दप्तरं खाली. उजवीकडे आई बसेल. आणि बाबा, तुम्ही धावपट्टीच्या कडेला उभं राहून हात हलवायचा.”