जावईबापूंचा ड्राय डे

चहाचा कप खाली ठेवून जयसिंगरावांनी जाहीर केलं, "आज ड्राय डे आहे. तपासणीला माणूस येईल. कुणाच्या घरात थेंब जरी सापडला, तरी त्याचं नाव सोसायटीच्या बोर्डावर लागेल."

बडोद्याच्या कारेलीबागेतल्या त्या सोसायटीत याचा अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. साठलेल्या पाण्यात मलेरियाचे डास वाढतात, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप, कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलर, सगळं ओतून कोरडं करायचं. ठाऊक नव्हतं ते फक्त जावयांना. मल्हारराव लग्नानंतर पहिल्यांदाच कोल्हापूरहून सासुरवाडीला आले होते आणि त्यांच्या बॅगेत, पायजम्यात गुंडाळलेली, रमची बाटली होती. बडोद्यात दारूबंदी आहे हे माहीत असून आणलेली. त्यात आज ही खास धाड, आणि सोसायटीचे सेक्रेटरी खुद्द सासरे जयसिंगराव. पहिल्याच खेपेला सासऱ्यांची अब्रू घालवणार, या विचाराने बिचाऱ्यांना घाम फुटला.

मोरीत सासूबाई, म्हणजे चिमणाबाई, कपडे धूत होत्या. बेसिन सासऱ्यांच्या डोळ्यांसमोर. उरला खिडकीतला कूलर. मल्हाररावांनी काळजावर दगड ठेवून बाटली त्यात उपडी केली. रिकाम्या बाटलीवर गुन्हा होत नसावा, असा कायदा स्वतःपुरता करून ती परत बॅगेत ठेवली.

तपासणीचा माणूस आला. त्याने घरभर बॅटरी फिरवली, सगळं ठणठणीत कोरडं. शेवटी त्याने कूलर उघडून आत डोकं घातलं आणि ते बराच वेळ बाहेर काढलं नाही.

"काका, आमां तो पोरा जिंदगीमां नहीं थाय," तो म्हणाला. पोरा म्हणजे डासांच्या अळ्या; त्या म्हणे यात जन्मात होणार नाहीत. "शुं नाख्युं छे?" काय टाकलंय, असं तो विचारत होता.

मल्हारराव भिंतीला टेकले. जयसिंगराव कूलरपाशी गेले, वाकले, एक लांब श्वास घेतला आणि त्यांनी जावयाकडे पाहिलं.

"कोल्हापूरनो अर्क छे," ते शांतपणे म्हणाले. "जमाई लाव्या छे." म्हणजे जावयांनी आणलाय.

दुपारी चिमणाबाईंनी त्यातच पाणी भरून कूलर लावला आणि त्याच्यासमोर लवंडल्या. संध्याकाळी उठल्या त्या गुणगुणतच. इतकी गाढ झोप त्यांना कित्येक वर्षांत लागली नव्हती. गुडघेही दुखत नव्हते. शेजारच्या पूर्वीबेनना त्यांनी ही बातमी लगेच कळवली.

"जावईबापू, पुढच्या खेपेला ते औषध सगळ्या सोसायटीला पुरेल एवढं आणा हं," असं सांगून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

जयसिंगरावांनी पेपर जरासा खाली केला.

"सगळ्यांना नको. आपल्या दोघांपुरतं आणा," ते हळूच म्हणाले. "आणि पुन्हा कूलरच्या तोंडी घालू नका."