गोविंदजींच्या वहीतला गहू

तुमच्या कडेवर मूल असलं आणि वाशीमच्या रस्त्यात समोरून गोविंदजी आले, तर ते रामराम करत नसत. मुलाच्या पोटावर दोन बोटं टेकवून विचारत, "पोराले परसाकडं कसं होते?" बाजार असो, देऊळ असो, त्यांना फरक पडत नसे. एकदा बारशाच्या ऐन पंगतीत त्यांनी बाळाच्या आईला हे विचारलं आणि तिने लाजत लाजत सांगितलेलं सगळं चिठोऱ्यावर उतरवून घेतलं. शेजारच्या दोघांनी कढी परत पाठवली. गोविंदजींनी मात्र चौथी पुरणाची पोळी मागवली.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मी तिथल्या एका लहानशा धर्मादाय दवाखान्यात कंपाउंडर होतो. मुलांसाठी सहा खाटांची एक खोली होती आणि गोविंदजी त्या खोलीचे कारकून. काम एवढंच, की आल्यागेल्याची नावं लिहायची. पण तहसील कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला तेवढ्यावर चैन कशी पडणार? त्यांनी स्वतःच्या हाताने रकाने आखले. काय खाल्लं, किती खाल्लं, परसाकडं कितीदा, कसं, वजन आणि शेवटी शेरा. 'कसं' या रकान्याची भाषा त्यांनी स्वयंपाकघरातून उचलली होती. ताकासारखं, पिठल्यासारखं, अंबाडीच्या भाजीसारखं. ती वही चाळल्यावर मी महिनाभर अंबाडी खाल्ली नाही.

वजनाचा काटा कापूस तोलायचा होता, जिनातून मागून आणलेला. पारड्यात टोपलं, टोपल्यात मूल, आणि रडू नये म्हणून मुलाच्या हातात गुळाचा खडा. गोविंदजी तो खडा आधी वेगळा तोलत आणि मग मुलाच्या वजनातून वजा करत. डॉक्टरसाहेब वैतागून म्हणत, "गोविंदजी, हे सगळं वाचणार कोण?" त्यावर उत्तर ठरलेलं होतं.

"साहेब, बोललं ते वाऱ्यावर, लिवलं ते कागदावर."

बायको जाऊन वर्षं लोटली होती, मूलबाळ नव्हतं. म्हणून पोळ्याच्या सणाला आमच्या घरून त्यांना पुरणपोळ्यांचा डबा जाई. दुसऱ्या दिवशी डबा घासूनपुसून परत येई आणि त्यात चिठ्ठी असे. "पोळ्या पाच. तूप उत्तम. पुरणात जायफळ कमी." माझी बायको त्या चिठ्ठीवर दोन दिवस फणफणायची आणि पुढच्या वर्षी जायफळ जास्त घालायची.

अशात केनवड गावच्या एका बड्या शेतकऱ्याची नात दवाखान्यात आली. यमू, चार वर्षांची. पोट घागरीएवढं, हातापायांच्या काड्या. डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं, यकृताचं दिलं. दवाखान्याची ऐपत ज्वारीच्या आंबिलीची, तेव्हा ती आंबील खाई. तीन आठवड्यांत पोरगी खाटेवर उभी राहून बाकीच्यांना दटावू लागली. आम्ही औषधाला शाबासकी दिली आणि तिला बैलांच्या दमणीत बसवून घरी पाठवलं. दोन महिन्यांनी तीच दमणी दारात आली आणि यमू पहिल्यापेक्षा वाईट. पुन्हा बरी झाली, पुन्हा घरी गेली, पुन्हा खंगून आली. तिसऱ्या खेपेला डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "चौथ्यांदा ही येईल असं वाटत नाही."

या वेळी तर दवाखान्यात असतानाच तिचं वजन घसरू लागलं. औषध तेच, आंबील तीच. गोविंदजींनी वहीतले 'काय खाल्लं' आणि 'कसं' हे रकाने ताडून पाहिले, ते जुळेनात, तेव्हा उठून त्यांनी यमूची उशी उचलली. खाली कणकेचे लाडू होते. या खेपेला सोबत राहिलेली आजी रोज एक चारत होती.

"घरी काय खाते हे?" गोविंदजींनी विचारलं.

"पोळी, शिरा, खीर. दुखनाइत लेकराले आमी भाकर नाई देत."

लाडू बंद झाले आणि आठवड्याभरात काटा वर चढला. गोविंदजींनी जुन्या वह्या उपसल्या. अशी आणखी दोन मुलं सापडली. दोघंही गव्हाच्या घरची, आणि दोघांच्या शेवटच्या ओळीत एकच शेरा, 'घरी नेले. वारले.' डॉक्टर म्हणाले, "गव्हाने कधी कोणाचं वाईट झालंय का?" पण वही त्यांनी पहिल्यांदाच पूर्ण वाचली.

आजीला मात्र पटेना. "आमच्या नातीनं गड्याच्या लेकरावानी भाकर खावाची? गाव काय म्हनन, यायची कोठी खाली झाली?" गोविंदजींनी तिला तारीखवार सगळं वाचून दाखवलं, तिच्या लाडवांसकट. सगळं शांतपणे ऐकून ती म्हणाली, "लिवनारा काईबी लिवते."

गोविंदजींनी वही मिटली. "बाई, मी बालाजीले नवस बोलून बसलो. पोरगी वाचली तं तिच्या लग्नापर्यंत तिच्या तोंडी गहू जानार नाई. मोडाचा असन तं तुमी मोडा."

"तुमाले कोनं सांगतलं होतं बोलाले?" एवढंच आजी म्हणाली आणि तिने हात जोडले. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतः आंबील ढवळू लागली.

मी नंतर विचारलं, "गोविंदजी, नवस कवा बोलले तुमी?"

"नाई बोललो," ते म्हणाले. शेऱ्याच्या रकान्यात तोवर लिहूनही झालं होतं, 'आजीस खोटे सांगितले.'

यमू वाचली. दर संक्रांतीला ती तिळगूळ घेऊन यायची आणि टोपल्यात मावेनाशी झाली तरी हट्टाने तोलून घ्यायची. दूरदेशीच्या मोठ्या डॉक्टरांनीही हा गव्हाचा दोष शोधल्याचं मी कितीतरी वर्षांनी ऐकलं. गोविंदजींना ते कळलं असतं, तर त्यांनी आधी त्या डॉक्टरांचे रकाने तपासले असते.

पोळ्याचा डबा चालूच होता. चिठ्ठी मात्र आखूड झाली होती. "पुरण उत्तम." पोळ्यांचा आकडा नसे. वय झालं, विसरत असतील, असं मला वाटलं.

मग एकदा ते तापाने पडले आणि वह्या माझ्याकडे आल्या. सहज यमूचं पान काढलं. 'आजीस खोटे सांगितले' याच्या खाली, दुसऱ्या दिवसाच्या तारखेने आणखी एक शेरा होता. 'आज बालाजीस जाऊन नवस बोललो. एकट्या लेकरावर भार नको. तिच्या लग्नापर्यंत मीही गहू सोडला.'

मी हे वाचलं तेव्हा यमू सात वर्षांची होती, लग्नाला अजून कितीतरी वर्षं होती.

त्या वर्षी पोळ्याला बायको डबा भरू लागली, तसं मी म्हटलं, "गोविंदजीले नुसतं पुरण दे वाटीत. तूप जास्त घाल. पोळी नको."

"काहून?"

"लिवलेलं हाय," मी म्हणालो.