पाहुण्यांची हजेरी

बोडीटोल्याच्या शाळेची तपासणी मंगळवारी लागली आणि गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची रात्रभराच्या नाटकाची जत्रा, सोमवारी. पत्र हातात घेऊन रंजीता मॅडम सोमाजीच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा सोमाजी जाळ्याची भोकं सांधत बसला होता. तो तलावावर मासोळ्या धरणारा माणूस. पण तीन वर्षांपासून शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष होता आणि ते पद तो जाळ्याइतकंच जपत होता.

"सोमाजीभाऊ, मंडई पुढं ढकलता येईल का?"

"मॅडम, वडस्याची कंपनी आहे. नाटकाची तारीख दिवाळीच्या आधीच घेतली. ते ढकलाची मनलं तं अख्खं गाव मलेच तलावात ढकलन."

मॅडम हसल्या नाहीत. पटावर बावीस मुलं होती. लालसूच्या दोघांना गोवर आलेला, म्हणजे उरली बरोबर वीस. तपासणीला वीसच्या खाली मुलं दिसली तर शाळा बंद करून सहा किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेला जोडणार, असं वरून स्पष्ट आलं होतं. त्या वाटेवर जंगल होतं आणि मागच्याच महिन्यात तिथं वाघानं इसरूचं वासरू नेलं होतं. सोमाजीची नात डिंपल तिसरीत होती. त्या वाटेनं डिंपल दप्तर घेऊन एकटी चाललीय, हे चित्र डोळ्यांपुढं आलं की सोमाजीच्या हातातली सुई थांबायची.

शाळाही सोडवत नव्हती. गावानं भिंती रंगवल्या होत्या, बांबूचं कुंपण घातलं होतं, मच्छीमार संस्थेनं दोन पंखे दिले होते. तिसरीतली पोरं घडाघडा वाचत होती. फक्त रात्रभर नाटक पाहून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला उठलेलं पोरगं बोडीटोल्याच्या इतिहासात कुणी पाहिलं नव्हतं.

"तुमी टेन्शन घेऊ नका. पोट्टे आणाची जिम्मेदारी माही," सोमाजी म्हणाला.

सोमवारी दुपारी नाटकाची जाहिरात करणारा ऑटो भोंगा लावून गावात आला. सोमाजीनं तो चौकात अडवला, माईक हातात घेतला आणि पदाला शोभेल अशा आवाजात सांगितलं, "आयका हो! उद्या शाळेत साहेब येऊन राह्यले. ज्याच्या घरी जे पोट्टं असन, ते आंघोळ घालून, डरेस घालून शाळेत धाडा. एकही पोट्टं घरी रायलं नाई पायजे!"

गावानं अध्यक्षाचा शब्द कधी नव्हे तो तंतोतंत पाळला.

आता मंडई म्हणजे घरोघरी पाहुणे. वडसा, वरोरा, कुठकुठून लेकीबाळी, साडू-मेव्हणे येतात आणि एकेका घरात पाच-पाच पोरं आडवी पडलेली असतात. मंगळवारी सकाळी सोमाजी शाळेत पोचला तर मॅडम दारात डोकं धरून उभ्या होत्या.

"भाऊ, त्रेपन्न मुलं आलीत!"

"वा! मंग कमी कायचं?"

"यातलं एकही आपलं नाही!"

सोमाजीनं आत डोकावलं. बाकांवर चकाचक गणवेशात, केसांना तेल लावलेली, ओळखीचं एकही नाक नसलेली पोरं बसली होती. गणवेश पुरले नव्हते ती मागं रंगीत कपड्यांत होती. सोमाजी धावत घरी गेला.

"कुंता! आपली डिंपल कुठी आहे?"

त्याची सून कुंता चुलीपुढून उठली. "मामाजी, ड्रेस तं एकच आहे. तो वडस्याच्या रिद्धीले घातला. माह्या मामेबहिणीची पोरगी, पयल्यांदा आली आपल्याकडे. पाहुण्याच्या लेकराले घरी ठेवून आपलं पोट्टं पुढं धाडू काय?"

"मंग डिंपल?"

"रुसली आन् गेली कुठीतरी."

प्रत्येक घरात हेच झालं होतं. पहिलं पाणी पाहुण्याच्या लेकराला, पहिला घास त्याला आणि पहिला गणवेशही त्याला. बोडीटोल्याच्या आया पाहुणचारात चुकल्या नव्हत्या. सोमाजीनं घरोघरी हाका मारून आपली पोरं गदागदा हलवली, पण तोवर शाळेपुढं साहेबांची जीप लागली होती.

लोणारे साहेब कडक माणूस. मुलं गैरहजर ठेवणाऱ्या पालकांची त्यांना विशेष चीड. आत येताच ते खूश झाले. "वा मॅडम! बावीसचा पट आणि एवढी गर्दी?" मग त्यांनी खडूनं फळ्यावर ४७ लिहिलं आणि पहिल्या बाकावरच्या मुलाला उभं केलं. "वाच."

"फोर्टी सेव्हन."

"मराठीत."

मुलगा वरोऱ्याच्या कॉन्व्हेंटचा होता. त्यानं वर पंख्याकडे पाहिलं. दुसरा उठला, तिसरा उठला. शेवटी एकीनं "चाळीसच्या पुढचं काहीतरी" इथवर मजल मारली. तेवढ्यात खिडकीतून कोरस आला, "सत्तेचाळीस!"

खिडकीच्या गजांना धरून बनियन घातलेली, डोळ्यांत चिपडं असलेली पंधरावीस पोरं उभी होती.

"ही शाळाबाह्य मुलं कोण?" साहेब कडाडले. "हाकला यांना!"

आता मात्र सोमाजीच्यानं राहवलं नाही. तो हात जोडून पुढं आला. "साहेब, तेच आमचे हायेत. हे आतले पाहुणे."

त्यानं खरं ते सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा लाल होत गेला. त्यांनी पेन काढलं. "म्हणजे बोगस विद्यार्थी! गणवेश घालून बसवलेले! एकेकाचं नाव लिहून वर पाठवतो. आणि यांच्या आईबापांचंही. चालू दिवसात शाळा बुडवून मुलांना नाटकं दाखवतात! ए, कोपऱ्यातली, तू वही खाली कर. नाव काय तुझं? कुठली?"

कोपऱ्यातल्या मुलीनं वही अजून वर धरली.

"वही खाली कर म्हणतो ना!"

वही खाली आली. मुलगी बारीक आवाजात म्हणाली, "पप्पा, मी रिद्धी."

वर्गातले दोन्ही पंखे तेवढे फिरत राहिले.

"तू... तुला तर ताप आहे ना? कॉन्व्हेंटला तसा अर्ज गेलाय."

"मम्मीनं दिला. तुम्ही दौऱ्यावर होते ना, म्हणून आम्ही नाटक पाहायले आलो. मम्मी झोपून आहे."

पेन टोपणात गेलं. सोमाजीनं एका क्षणात हिशेब केला: सुनेच्या मामेबहिणीचा नवरा, म्हणजे या घरचा कोण? त्यानं साहेबांसाठी आणलेली खुर्ची स्वतःच्या पंच्यानं पुसली.

"बसा जावईबापू. चहा आणतो."

जावईबापू बसले. मग बनियनवाल्यांना आत घेतलं, मॅडमनी हजेरी घेतली. एकेक नाव हजर होत गेलं आणि सोमाजी बोटांवर मोजत गेला. एकोणीस. डिंपलचं नाव मॅडमनी दोनदा उच्चारलं. उत्तर आलं नाही.

"एकोणीस," साहेब हळूच म्हणाले. "भाऊ, नातं वेगळं. आकडा मला बदलता येणार नाही."

"नका बदलू," सोमाजी म्हणाला. सगळ्या गावाची पोरं उठवली, आणि शाळा बुडत होती ती त्याच्याच घरच्या पोरीपायी.

तेवढ्यात दारात पाणी ठिबकायला लागलं. घरच्या फ्रॉकमध्ये नखशिखांत भिजलेली डिंपल डोक्यावर टोपली घेऊन उभी होती.

"हजर मॅडम! रिद्धीनं मासोळ्या खाऊन पाह्यल्या नाई मनते. म्हणून आजीसंग तलावावर गेलतो."

मॅडमनी डोळे पुसले. साहेबांनी मात्र टोपलीकडे बोट दाखवलं. परीक्षा घेण्याची सवय सुटत नव्हती. "किती आहेत?"

डिंपलनं टोपली खाली ठेवली आणि जमिनीवर एकेक मांडत मोजल्या. "सत्तेचाळीस. वाटेत दोन मांजरीनं नेल्या, नाई तं एकोणपन्नास होत्या."

साहेबांनी वीस आकडा लिहिला. 'लोकसहभाग' या रकान्यापुढं बराच वेळ पेन धरून त्यांनी लिहिलं, 'अपेक्षेपेक्षा जास्त.' सोमाजीनं अध्यक्ष म्हणून सही ठोकली आणि जावयाला जेवल्याशिवाय जीपमध्ये बसू देणार नाही असं जाहीर केलं.

शाळेच्या व्हरांड्यातच पंगत बसली. नुकतीच उठलेली रिद्धीची आई जया नवऱ्याला पाहून पदर तोंडाशी घेऊन कुंताच्या मागं लपली होती. साहेब पहिला घास घेणार, तोच त्यांचा फोन वाजला. कॉन्व्हेंटच्या प्रिन्सिपल बाई होत्या. रिद्धीचा ताप कसा आहे?

साहेबांनी पानातल्या मासोळ्यांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "उतरतोय, मॅडम," ते खालच्या आवाजात म्हणाले. "उद्या शाळेत पाठवतो."

डिंपलच्या गणवेशात बसलेली रिद्धी काटा काढता काढता फोनपर्यंत पोचेल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "पप्पा, मी तं शाळेतच आहो ना!"