घाबरायचं काम न्हाय, पावणं

आमचे सासरे गाडी चालवत नाहीत, हाकतात. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात त्यांच्या दारात एक जुनी पांढरी जीप उभी असते. निघण्याआधी ते तिच्याभोवती एक फेरी मारतात, चारी चाकांना पायाने ढोसून बघतात, बॉनेटवर बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारतात आणि मगच आत बसतात. जीप सुरू झाली की मान मागे वळवून मला म्हणतात, "घाबरायचं काम न्हाय, पावणं." एवढं ऐकलं की मी पुढच्या सीटची दांडी घट्ट धरतो.

मी पुण्यात विम्याच्या ऑफिसात अपघाताचे दावे तपासतो. दिवसभर चेपलेल्या गाड्यांचे फोटो बघणाऱ्या माणसाने मागच्या सीटवर निवांत बसावं, ही अपेक्षाच चूक आहे. सासुरवाडीत मात्र 'जावई माणूस चांगला, पण भित्रा' यावर सगळ्यांचं एकमत आहे. नाताळची सुट्टी लागली की मी, माझी बायको बेबी (तिचं खरं नाव वेगळं आहे, पण बावड्यात ते कुणाला आठवत नाही) आणि आमची लेक ओवी, असे तिघे कोल्हापूरला जातो. मग रोज एक ट्रिप. जोतिबा, पन्हाळा, नरसोबाची वाडी, खिद्रापूर, राधानगरीचं धरण. दरवर्षी तीच ठिकाणं, तीच जीप आणि मी त्याच आवळलेल्या मुठी घेऊन मागे बसलेलो.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मामांचे गाडीबाबतचे विचार ठाम आहेत. वायपर लावायचा नाही, काच झिजते. पार्किंग शोधायचं नाही, गाडी थांबेल ते पार्किंग. हॉर्न वाजवणं त्यांना उद्धटपणा वाटतो, म्हणून रस्त्यात म्हैस आडवी आली की ते खिडकीतून डोकं बाहेर काढून तिला समजावतात, "सरक गं बाई, पुण्याचं पावणं आल्यात." म्हैस बहुतेक वेळा सरकते. वाडीला गेलं की कवठाची बर्फी तेच घेणार, पन्हाळ्यावर पिठलं-भाकरी तेच वाढणार आणि खिशात हात घालणाऱ्या जावयाकडे असं बघणार, की हात आपोआप बाहेर यावा.

पुढच्या सीटवर सासूबाई, म्हणजे मामी. त्यांचं तोंड बावडा सोडल्यापासून परत येईपर्यंत मिटत नाही. "आवं, ट्रॉली आली. डावीकडनं फटफटी. म्हस हाय, म्हस. पोरगं सायकलवर. आता खड्डा." आणि प्रत्येक वेळी मामांचं एकच उत्तर, "दिसतंय की." संसारात मुरलेल्या नवराबायकोची ही सवय असेल, असं मी धरून चाललो होतो. एकदा गमतीनं म्हणालो, "मामी, जरा दम घ्या." त्या हसल्या. "दम घिऊन चालतंय व्हय, पावणं?" म्हणाल्या, आणि लगेच समोरच्या वळणाकडे वळल्या.

एकदाच मी धीर करून विचारलं होतं, "मामा, आज मी चालवू का?" बेबीने मला कोपराने ढोसलं. मामा म्हणाले, "जावयानं गाडी हाकायची आन् आमी बसून बघायचं? गल्लीत तोंड दावायला नको." पुढे हा किस्सा त्यांनी गल्लीतल्या प्रत्येकाला सांगितला. दुधाला येणारा माणूसही मला बघून हसायला लागला.

गेल्या नाताळात मामींचा घसा बसला. आदल्या दिवशी आम्ही गुऱ्हाळावर गेलो होतो. मामींनी गरम काकवी खाल्ली आणि वर उसाचा थंडगार रस प्यायला. सकाळी उठल्या तर आवाज पार गेलेला, कुजबुजसुद्धा निघेना. त्या दिवशी गगनबावड्याला जायचं ठरलं होतं. चहा पिता पिता मामा म्हणाले, "आज नको. जीपचं काम हाय."

आम्ही चाट पडलो. या माणसाने आजवर एकही ट्रिप रद्द केली नव्हती. ओवीचं तोंड एवढंसं झालं. "आबा, तुम्ही कबूल केलं होतं." मामांनी मामींकडे बघितलं. मामींनी क्षणभर विचार केला, पदर खोचला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

जाताना जीप कमालीची हळू चालली होती. 'घाबरायचं काम न्हाय' आज ऐकू आलं नव्हतं, आणि त्यानेच मला जास्त घाबरायला झालं. मामींचा हात मामांच्या गुडघ्यावर होता. या वयात हे काय, म्हणून मी बेबीला खूण केली. ती लाजून खिडकीबाहेर बघायला लागली. मी मात्र बघत राहिलो. डावीकडून कुणी आलं की मामी बोटांनी एकदा दाबायच्या, उजवीकडून आलं की दोनदा. बांगड्या वाजायच्या आणि जीप सावरायची.

गगनबावड्याच्या गडावर वारा सुटला होता. खाली कोकण पसरलेलं. मी नेहमीप्रमाणे कठड्यापासून लांब उभा राहिलो. ओवीने आजोबांचा हात ओढला, "आबा, घाटात ती लाल एसटी दिसली?" "दिसली की," मामा म्हणाले. ते भलत्याच बाजूला बघत होते.

परतताना दिवस मावळत आला होता. कारखान्यांचा हंगाम जोरात. रस्त्यावर उसाने भरलेल्या ट्रॉल्या, कित्येकांना मागे दिवाही नाही. साळवण गावाच्या अलीकडे मामींना खोकल्याची उबळ आली. गुडघ्यावरचा हात त्यांनी तोंडाशी नेला. नेमका तेव्हाच डावीकडच्या उसाच्या फडातून एक ट्रॅक्टर रस्त्यावर चढला. मला तो अख्खा दिसत होता. मामा समोर बघत शांतपणे तसेच चालले होते.

"मामा, डावीकडं! ब्रेक!" मी ओरडलो.

त्यांनी करकचून ब्रेक मारला. जीप तिरकी होऊन थांबली आणि उसाचे शेंडे बॉनेट खरवडत पुढे गेले. "ओ पावणं, बघून चालवा की," असं ओरडून ट्रॅक्टरवाला निघून गेला. ओवी रडायला लागली. मामांनी मान जरासुद्धा वळवली नव्हती. ब्रेक त्यांनी ऐकून मारला होता.

मामा खाली उतरले आणि बॉनेटला धरून उभे राहिले. मीही उतरलो. मला राग आला होता. माझी पोर आत बसली होती.

"तुम्हाला तो दिसला नाही, मामा."

"न्हाय." त्यांनी बॉनेटवरचं पाचट झटकलं. मग म्हणाले, "काचबिंदू म्हणत्यात. म्होरलं दिसतंय, कडा गेल्यात. सांज झाली की म्होरलंबी जातंय. तुमची सासू सांगत हुती म्हणून चाललंवतं."

"आणि तरी ओवीला घेऊन?"

"चुकलं," मामा म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. "पर गाडी बंद झाली तर तुमी कशाला येशिला, पावणं? घरात दोन म्हातारी आन् एक म्हस. पोरीला दावायचं काय?"

"आम्ही तुमच्यासाठी येतो, मामा."

"तसं समदीच म्हणत्यात."

माझा राग कुठे गेला कळलं नाही. मी हात पुढे केला. "आणा चावी."

त्यांनी आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मान वळवून कानोसा घेतला. "जावयाला गाडी हाकाय लावली म्हणत्याल लोक."

"म्हणायचं, पावण्यांना घाटातली गाडी शिकवतोय."

मामांनी विचार केला. "तुमास्नी शिकायची गरज तर हायच," ते म्हणाले आणि चावी माझ्या हातात दिली.

बेबी खाली उतरली. तिने आईला हाताला धरून मागे आणलं, तिच्या अंगावर शाल घातली आणि तिचा हात शेवटपर्यंत सोडला नाही. मामा माझ्या शेजारी बसले. बाहेर अंधार पडला होता. त्या जीपचं स्टिअरिंग ढिलं, क्लच कडक. इतकी भीती मला मागच्या सीटवरही कधी वाटली नव्हती. "आता देऊळ," मामा सांगू लागले. "त्येच्याम्होरं ब्रेकर. हितं खड्डा हाय, उजव्या अंगानं घ्या. आता कळं गाव आलं, बाजारात माणसं असत्यात, दमानं." सगळं जिथल्या तिथे निघत होतं. मध्येच त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "घाबरायचं काम न्हाय."

बावड्यात शेजारी फाटकाशीच उभे होते. मामा ऐटीत उतरले. "पावण्यास्नी शिकवतोय. अजून कच्चं हायती."

उरलेली सुट्टी आम्ही घरीच काढली. म्हशीला धुतलं, अंगणात चूल मांडून पांढरा-तांबडा रस्सा केला. ओवीने एकदाही पन्हाळ्याचं नाव काढलं नाही. मामा तिच्याकडे अधूनमधून संशयाने बघायचे.

निघायच्या दिवशी मी जीपची चावी त्यांना परत द्यायला गेलो. त्यांनी माझी मूठ मिटवली.

"तुमच्याजवळच ऱ्हाऊ द्या. चावी तिकडं आन् गाडी हिकडं म्हणल्यावर कुणालातरी यायला लागतंय की."

ती चावी आता पुण्यात आमच्या दाराशेजारच्या खिळ्याला लटकते. दर रविवारी मामांचा फोन येतो. बेबीची, ओवीची चौकशी झाली की फोन माझ्याकडे येतो.

"चावी हाय न्हवं जाग्यावर?"

"आहे, मामा."

"मग घाबरायचं काम न्हाय," ते म्हणतात, आणि नाताळला किती रविवार उरलेत ते मोजून सांगतात.