इंजिनाला पावडर

मोटारसायकलखाली तेलाचा डाग दिसला, म्हणजे तेल बरोबर त्याच्या वरूनच गळत असणार, हा माझा शोध. त्यामुळे सलग चार रविवार मी इंजिनाच्या तळाचा बोल्ट आवळला. चौथ्या रविवारी पान्ह्याला पाइप लावून जोर केला, तेव्हा बोल्टाचं डोकं लाडवासारखं गोल झालं. डाग मात्र होता तिथेच. गाडी उभी राहते त्या ओट्यावरच्या नव्या फरश्या बायकोच्या पसंतीच्या, म्हणून पाचव्या रविवारी गाडी घेऊन मी वाशिंदहून शेणव्याला काशीदादाकडे गेलो.

काशीदादाचं गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक बाकडं. साठी ओलांडलेला, सडपातळ माणूस. त्याने आधी बोल्टाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ह्यो परताप कोणाचा?"

"एका मेकॅनिकचा," मी म्हणालो.

"आणा त्याला एकदा. हात बघू त्याचे."

मी माझे हात खिशात घातले.

त्याने बाकड्यावर काहीतरी काढून ठेवलं, ब्रशने इंजिन धुतलं, फडक्याने कोरडं केलं आणि फळीवरून अंगाला लावायच्या पावडरचा डबा काढला. न्हाऊ घातलेल्या बाळाला लावावी तशी त्याने इंजिनाच्या खाचाखोचांतून पावडर लावली. शेणव्यात पांढरं इंजिन दिसलं की लोक विचारतात, "काशीदादाकडून काय?"

"शेट, तेल वरनं उतरतं, वाऱ्यानं मागं पळतं. खाली दिसतो तो डाग. रोग वरती असतो. आता पावडर चुगली करंल."

पण त्यासाठी गाडी पळवावी लागते, आणि ती नाक्यापर्यंत नेऊन चालत नाही. मुरबाडच्या बाजूला लांब न्यायची. चालवायची आपण, मागे काशीदादा बसणार. "उभ्या गाडीला काय विचारणार? ती चालल्यावर बोलते."

किन्हवलीला थांबलो. इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाखाली, म्हणजे टॅपेट कव्हरखाली, पांढऱ्या पावडरीत अंगठ्याएवढा काळा डाग उमटला होता. मलासुद्धा दिसला, म्हणजे बघा.

"सापडलं की दादा! झाकणाचं रबर गेलंय."

"दिसतंय. पण इंजिन अजून तापलं नाय. घ्या पुढं."

सरळगावच्या अलीकडे, निळ्या फाटकाच्या एका घरासमोर त्याने माझ्या खांद्यावर थाप मारली. "थांबा. आता थंड होऊ दे."

आत्ताच तर तापवायचं होतं. पण गोल बोल्टाच्या मालकाने वाद घालू नये.

फाटकातून तिशीतली एक बाई आली. एका हातात ताटलीत पाण्याचे दोन पेले, दुसऱ्या हातात धुऊन घडी केलेलं फडकं. फडकं तिने काशीदादाला दिलं.

"आज कोणाची?"

"वाशिंदच्या शेटची."

"कुठून गळतंय?"

"वरनं."

"आन् गुडघा?"

"बराय."

मग ती माझ्याकडे वळली. "तुमी तरी आत या, चहा टाकलाय."

मी काशीदादाकडे पाहिलं. तो इंजिनावर वाकून आधीच स्वच्छ असलेली जागा पुसत होता. मी नको म्हणालो. ती फाटकाशी उभी राहिली. इंजिन थंड व्हायला बराच वेळ लागला.

परतताना किन्हवलीजवळ मागून आवाज आला. "लेक माझी. तिनं आपल्या मनानं लगीन केलं, तेव्हा बोललो, तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार नाय. सगळ्यांच्या देखत बोललो."

मी गाडीचा वेग कमी केला.

"रस्ता काय तिच्या सासऱ्याचा नाय," तो म्हणाला. "रस्ता सरकारी."

शेणव्याला आल्यावर त्याने दहा मिनिटांत रबर बदललं. नवं रबर शोधावं लागलं नाही. निघण्याआधी बाकड्यावर काढून ठेवलेली वस्तू तीच होती.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, बोल्टाचं सोडून. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गाडीखालची फरशी वाकून पाहिली. कोरडी होती.

"येत्या रविवारी माझी स्कूटी न्या त्यांच्याकडे," ती म्हणाली.

"ती कुठे गळतेय?"

"गळत नाही. पण पावडर लावून बघायला काय जातंय?"