हिल्डिंगचा औषधी गुडघा

रविवारी दुपारी हिल्डिंग शेजारच्या सिक्स्टनचा सोफा घेऊन जिना चढत होता. लिफ्ट बंद होती. सोफ्याचं खालचं टोक त्याच्या मुलीच्या, इल्वाच्या हातात होतं. खरं तर ते तिच्या छातीवरच आलं होतं.

"पप्पा, थांब जरा! ब्याऐंशी वर्षांचा आहेस तू!"

"मी असेन. गुडघा चारच वर्षांचा आहे," वरून उत्तर आलं. "आणि औषधाचा आहे!"

मागून सोफ्याचा मालक काठी टेकत येत होता. "माझ्या वाट्याला मीठपाणी आलं नसतं, तर मीही हात लावला असता," तो पुटपुटला.

"रडतोस काय सिक्स्टन? नशीब लागतं!"

इल्वानं सोफा छातीनं वर रेटला. सोफा जागेवर लागल्यावर एक कप कॉफी पिऊन ती निघाली. सोमवारी हिल्डिंग आपल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला. हृदय थांबलं, गुडघ्याकडे काही दोष नव्हता.

त्या गुडघ्याची भानगड अशी, की चार वर्षांपूर्वी दोघा म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांचे सांधे इस्पितळाच्या एकाच अभ्यासात बदलले होते. धातूचा सांधा बसवताना त्याला एका औषधाचा लेप द्यायचा, म्हणजे भोवतालचं हाड झिजत नाही आणि सांधा घट्ट धरून ठेवतं. निम्म्या रुग्णांना औषध, निम्म्यांना नुसतं मीठपाणी. कुणाला काय, हे ना डॉक्टरला माहीत, ना रुग्णाला. माहीत फक्त इस्पितळाच्या औषधशाळेत बाटल्या भरणाऱ्या दोघींना. इल्वा त्याच औषधशाळेत कामाला होती. पण वडील अभ्यासात, म्हणून तिला या कामापासून लांब ठेवलं होतं. सगळं कसं नियमात.

मग फेब्रुवारी आला. फेब्रुवारीत स्वीडनमधल्या यच्चयावत पोरांची नाकं वाहू लागतात आणि त्यांचे आईबाप हक्काची रजा घेऊन घरी बसतात. त्या दोघीही बसल्या. बाटल्यांवर नावं नव्हती, नुसते क्रमांक होते. तेव्हा इल्वानं भरल्या तर काय बिघडणार होतं?

बिघडलं ते कॉफीच्या टेबलावर. नवा गुडघा लांब करून हिल्डिंगनं आपल्या बाटलीचा क्रमांक असलेलं कार्ड नाचवलं. "बघ, सतरा! सतरा हा औषधाचाच आकडा वाटतो की नाही?" सिक्स्टननंही आपला आकडा वाचून दाखवला. सतरामध्ये इल्वानं स्वतःच्या हातानं मीठपाणी भरलं होतं. सिक्स्टनच्या बाटलीत औषध.

वरिष्ठांना सांगायला हवं होतं. पण एवढ्यात हिल्डिंगनं साऱ्या इमारतीला औषधाची बातमी दिली होती. मग तो पेन्शनरांच्या नाचाला जायला लागला. मग तिथल्या बायका त्याच्यासाठी थांबायला लागल्या. मग पेन्शनर संघानं त्याचं भाषण ठेवलं, 'औषध आणि मी'. इकडे सिक्स्टननं काठी विकत घेतली. आपल्या तोंडून चुकून काही निसटेल, या धास्तीनं इल्वाच्या रविवारच्या भेटी आखूड होत गेल्या. शेवटी शेवटी तर ती कोट न काढताच कॉफी प्यायची.

अंत्यविधीला तिकडच्या रीतीप्रमाणे तीन आठवडे लागले. तोवर वडिलांच्या जिन्यात ती दिसली की लोक मान लवून बाजूला व्हायचे. तिला एकटीला राहू द्यायचे. स्वीडनमध्ये माया अशीच दाखवतात.

चर्चमध्ये एकेकानं पुढे होऊन शवपेटीवर फूल ठेवायचं होतं. तिथे पप्पाला खरं सांगायचंच, असं इल्वानं ठरवलं होतं. पण मागे रांग लागली होती, आणि रांग अडवायची सवय तिला जन्मात नव्हती. फूल ठेवून ती बाजूला झाली.

विधीनंतर शेजारच्या दालनात कॉफी होती, तिथे सिक्स्टन तिच्याकडे आला. दोन्ही हातांत कोळंबीच्या खाऱ्या केकच्या दोन बश्या, आणि चाल अगदी सरळ.

"तुझी काठी?"

"घरी ठेवली. आता कुणासाठी टेकू?" तो शेजारी बसला. "त्याला मीठपाणी होतं ना?"

"मला सांगता येत नाही, सिक्स्टन."

"नकोच सांगूस. आकडे वाचले तेव्हाच तुझ्या तोंडावर दिसलं. त्याचा ऐकलास आणि पांढरी पडलीस. माझा ऐकलास आणि सुटकेचा श्वास टाकलास. हिल्डिंग म्हणाला, हिला माहीत आहे हे कुणाला कळलं तर पोरगी अडकायची, आपण उलटंच बोलत राहू. तो झाला औषधाचा आणि मला केलं मीठपाण्याचा. आता सांग, मला काय नाचता येत नव्हतं? चार वर्षं सगळ्या बायका त्याच्या वाट्याला!"

इल्वाला हसू आलं, आणि अर्ध्यात थांबलं.

"मग तो सोफा? त्याला दुखायचं नाही?"

"दुखायचं कधीकधी. तू गेलीस की बर्फाची पिशवी लावून बसायचा. लवकर गेलीस की म्हणायचा, बरं झालं." सिक्स्टननं काट्यानं कोळंबी बाजूला सारली. "आणि मग खिडकीशी जाऊन उभा राहायचा. दुखत असताना."

इल्वानं बशी ठेवली आणि ती चर्चमध्ये परत गेली. आत कुणी नव्हतं. नुसती फुलांखालची पेटी होती. ती अगदी जवळ जाऊन उभी राहिली आणि घसा खाकरून मोठ्यानं म्हणाली,

"पप्पा, मीठपाणी होतं ते. मीच भरलं होतं. आणि रविवारी मला लवकर निघायचं नसायचं."